स्वस्तात मस्त आरोग्य: मला परत परत विचारले जाणारे प्रश्न

मी पब्लिक हेल्थमध्ये काम करते म्हटलं की अर्धे लोक गुडघा पुढे करतात आणि उरलेले विचारतात, "म्हणजे नक्की काय करता?" सहा वर्षं मी एका प्रकल्पासाठी कुर्ला, गोवंडी, मानखुर्द पायी फिरलेय, किती घरांच्या दाराशी उभी राहिले देव जाणे, आणि तेव्हापासून सोसायटीच्या ग्रुपवर, लोकलमध्ये, लग्नात जेवणाच्या लाइनीत तेच ते प्रश्न येतात. म्हणून एकदाच बसून लिहून काढलं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे स्वतःच्या गोळ्यांचं डॉक्टरांनाच विचारा, इथे फक्त हजारो लोकांचं एकदम भलं कमी पैशात कसं होतं एवढंच बोलणार आहे.

पब्लिक हेल्थ म्हणजे सरकारी हॉस्पिटलच ना?

नाही हो. केईएम, सायन, नायर, कूपरला जायची वेळच येऊ नये म्हणून जे काही केलं जातं ते पब्लिक हेल्थ. डॉक्टरसमोर एक पेशंट असतो, इथे अख्खा वॉर्ड पेशंट. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात आपल्या पाण्यात रोज क्लोरीन पडतं, आणि आज आपल्याला कॉलरा झाला नाही म्हणून आपण कोणाला थँक्यू म्हणतो का? तिथेच तर सगळी गोची आहे, पुढे येईलच.

मुंबईला हा धडा फार लवकर मिळालाय. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला, लोक गठुडी बांधून शहर सोडून पळाले. हाफकिन यांनी भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःलाच टोचून घेतली. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच प्लेगमुळे १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, कोंदट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले, आणि दादर-माटुंग्याला मोकळी हवा, झाडं असलेली नवी वसाहत आखली. आज हिंदू कॉलनीच्या गल्लीतून चालताना जी सावली लागते ना, ती प्लेगची कृपा आहे.

आणि उलटा धडा पण तेव्हाचाच. पुण्यात घरात घुसून तपासण्या, बायकामाणसांची विटंबना, सामानाची नासधूस, आणि मग रँड आणि चापेकर बंधू, ते तर शाळेत शिकलोय आपण. उपाय कितीही शास्त्रीय असो, लोकांच्या दारात जायची पद्धत चुकली की सगळं मुसळ केरात.

"स्वस्त" हे ठरवतं कोण? माणसाच्या जिवाची किंमत लावता का तुम्ही लोक?

हा प्रश्न माझ्या मामांनी श्राद्धाच्या जेवणात विचारला होता, तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, आता देते.

जिवाची किंमत नाही लावत, पैशाची लावतो. एक माप आहे, त्याला डाली म्हणतात. म्हणजे असं की एखादा आजार लोकांची निरोगी वर्षं किती खातो: लवकर मेला तर जितकी वर्षं गेली ती, आणि जिवंत आहे पण पांगळा, आंधळा, अंथरुणाला खिळून आहे तर त्याचाही हिशोब. १९९३ मध्ये वर्ल्ड बँकेच्या अहवालातून हे माप जगभर गेलं. मग प्रत्येक उपायाला विचारायचं, बाबा रे, एक निरोगी वर्ष वाचवायला तू किती रुपये घेतोस? काही उपाय शंभर-दोनशे घेतात, काही लाखो. आपल्याकडे हे गणित सरकारसाठी करायला २०१७ पासून आरोग्य संशोधन विभागाखाली एक वेगळी यंत्रणा पण आहे.

घरात आपण हेच करतो की. महिनाअखेरीला पाचशे रुपये उरलेत, मुलाच्या तापाचं औषध आणायचं की टीव्हीचा रिमोट? कोणी म्हणत नाही की आईने मुलाच्या जिवाची किंमत लावली.

पण एक कबूल करते, या मापाला सगळं दिसत नाही. डायलिसिसवरच्या आजीचं वर्ष गणितात महाग पडतं म्हणून तिला वाऱ्यावर सोडायचं का? नाही. गणिताने एवढंच सांगायचं की नवीन रुपया आला तर आधी कुठे टाकू. शेवटी ठरवायचं माणसांनी, आणि चारचौघांत ठरवायचं, बंद खोलीत नाही.

सगळ्यात भारी उदाहरण कुठलं?

मीठ-साखर-पाणी. यात माझं मत बदलणार नाही.

१९७१, बांगलादेशचं युद्ध, लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले, बंगालात बनगावच्या छावणीत कॉलरा. हॉस्पिटलच्या फरशीवर पेशंट, उलट्या-जुलाबातून वाट काढत डॉ. दिलीप महालनबीस फिरतायत आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्यात. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून पिंपं भरली आणि नातेवाइकांनाच सांगितलं, कपाने पाजत राहा. तोपर्यंत डॉक्टर लोकांना हे पटत नव्हतं, तोंडाने पाणी पाजून कॉलरा बरा होतो म्हणजे काय? पण तिथला मृत्यूचा आकडा साधारण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला. आतड्यात ग्लुकोज असेल तर त्याच्यासोबत मीठ आत ओढलं जातं आणि मिठामागे पाणी, एवढंच त्याचं गुपित. १९७८ मध्ये लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकाने याला शतकातला कदाचित सर्वात महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. डॉ. महालनबीसांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, ते गेल्यानंतर. बघा म्हणजे.

बाळाला जुलाब लागले की ओआरएस आणि सोबत १४ दिवस झिंकच्या गोळ्या, दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट. जुलाब थांबले तरी झिंक १४ दिवस पूर्ण करायचं, इथे सगळ्या आया गडबडतात. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त घालू नका, ते धोक्याचं आहे. आणि दुकानात फळांची चित्रं असलेले गोड टेट्रापॅक ओआरएसच्या नावाने मिळायचे ते ओआरएस नव्हेत, त्यात साखर भलतीच असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, असल्या पेयांवर ओआरएस हा शब्द छापायलाच बंदी घातली, हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई वर्षानुवर्षं त्याच्यामागे लागल्या होत्या म्हणून.

हे सगळं बाहेरचं झालं, आपल्या मुंबईने काय केलं?

दोन गोष्टी सांगते, दोन्ही ऐकून लोकांना खरं वाटत नाही.

पहिली व्हिनेगरची. परळच्या टाटा हॉस्पिटलने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठा अभ्यास सुरू केला, ३५ ते ६४ वयाच्या जवळजवळ दीड लाख बायका. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी पॅप टेस्ट असते पण त्याला लॅब पाहिजे, तज्ज्ञ पाहिजे, रिपोर्टसाठी बाईने परत यायला पाहिजे, आणि इथे तर नळाला पाणी यायच्या वेळेवर बाईचा दिवस ठरतो, परत कोण येतंय? म्हणून वस्तीत काम करणाऱ्या, डॉक्टर नसलेल्या मुलींना काही आठवड्यांचं ट्रेनिंग दिलं. कापसाच्या बोळ्याने पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे आपल्या चायनीजवाल्याकडच्या व्हिनेगरचाच भाऊ, गर्भाशयाच्या तोंडाला लावायचं, एक मिनिट थांबायचं, पांढरा डाग उठला तर पुढे टाटाला पाठवायचं. दर दोन वर्षांनी. बारा वर्षांनी हिशोब केला तेव्हा या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झालेले होते. २०१३ मध्ये डॉ. सुरेंद्र शास्त्रींनी अमेरिकेतल्या मोठ्या कॅन्सर परिषदेत हे मांडलं.

यावर वाद पण झाला, तो लपवायचं काही कारण नाही. तुलनेसाठीच्या निम्म्या बायकांना फक्त माहिती दिली होती, तपासणी नाही, आणि त्यांच्यातल्या ज्या गेल्या त्यांचं काय, असं लोकांनी विचारलं. मला अजूनही या प्रश्नाचं सोपं उत्तर सापडलेलं नाही. तेव्हा देशात बहुतेक बायकांना काहीच मिळत नव्हतं हे खरं, पण आपल्याला पद्धत माहीत असताना शेजारच्या गल्लीला न देणं हे पचायला जडच आहे.

दुसरी गोष्ट दुधाची. १९८९ मध्ये सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मानवी दुधाची बँक सुरू केली, आशियातली पहिली. एका आईला दूध जास्त येतंय, बाजूच्या कॉटवर सातव्या महिन्यात झालेलं बाळ आहे आणि त्याच्या आईला अजून पान्हा फुटलेला नाही. दूध गोळा करा, तपासा, पाश्चराइज करा, फ्रीजरमध्ये ठेवा, पाजा. आजी लोक हे ऐकून म्हणतात, आमच्याकडे शेजारीण पाजायचीच की! हो आजी, तेच, फक्त तपासून.

मग हे सगळीकडे का होत नाही? इतकं स्वस्त आहे तर?

स्वस्त आहे म्हणूनच. एमआरआय मशीन आलं की फीत कापता येते, फोटो येतो, बॅनर लागतो. न झालेल्या कॅन्सरचा फोटो कुठून काढणार?

आणि दुसरं कारण मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय. वस्तूला पैसे लागत नाहीत, पण ती वस्तू घेऊन दार वाजवणाऱ्या बाईला लागतात, आणि नेमकी तिथेच कात्री लागते. व्हिनेगर काय, पाण्याच्या भावात मिळतं. पण गल्लीत कोण गरोदर आहे, कोणाचं पोर लसीला आलं नाही, कोणाची सासू तपासणीला सोडत नाही, हे जिला माहीत आहे ती पालिकेची आरोग्य सेविका, तिला आपण स्वयंसेविका म्हणतो आणि पगाराऐवजी मानधन देतो. मानधन हा शब्द फार सोयीचा आहे, त्यात मान आहे, धन कमी आहे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताच्या आशा ताईंना पुरस्कार दिला, सगळ्यांनी स्टेटस ठेवले. नंतर त्याच ताई मोर्च्यात दिसल्या.

गडचिरोलीचं बघा ना. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं, घरी जाऊन नवजात बाळाचं वजन करायचं, ऊब द्यायची, श्वास मोजायचे, जंतुसंसर्ग ओळखून औषध सुरू करायचं. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. त्याच्या आधी जामखेडला आरोळे पती-पत्नीने १९७० पासून हेच केलं, ज्या बायकांना गावात कोणी विचारत नव्हतं त्यांनाच आरोग्य कार्यकर्त्या बनवलं. सामान काय होतं? वजनकाटा, थर्मामीटर, उबदार पिशवी, असलंच. जीव लावून वर्षानुवर्षं त्याच घरात परत परत जाणारी बाई होती. म्हणून मला कोणी "मॅडम, एक ॲप बनवूया" म्हटलं की मी आधी विचारते, दार कोण वाजवणार?

डेंग्यू-मलेरियाला धूर मारणारी गाडी रोज का येत नाही? आम्ही टॅक्स भरतो.

काकू, धूर दिसतो म्हणून आवडतो. धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या मजेत असतात, आठवड्याभरात नवी बॅच तयार. मुंबईचा मलेरियाचा डास गटारात नाही तर स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, गच्चीवरची टाकी, विहीर, बांधकामाचं पाणी. डेंग्यूचा डास कुंडीखालच्या ताटलीत, फ्रीजच्या मागच्या ट्रेमध्ये, मनीप्लांटच्या बाटलीत, आणि तो दिवसा चावतो, त्यामुळे रात्री मच्छरदाणी लावून समाधान मानू नका. अळीचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी कोरडी करायची, कोरडा दिवस पाळायचा. खर्च शून्य.

हे काही आत्ता कळलेलं नाही. १९११ मध्ये बेंटली नावाच्या साहेबाने मुंबईच्या मलेरियावर अहवाल दिला की घराघरातल्या उघड्या विहिरी झाका नाहीतर बुजवा. लोक चिडले, विहिरी पूजेच्या होत्या, पारशी आणि हिंदू दोघांच्याही. वाद बरीच वर्षं चालला. आज विहिरी गेल्या, टाक्या आल्या, भांडण तेच.

आमच्या सोसायटीचीच गोष्ट सांगते, नाव घेत नाही, नाहीतर पार्किंग जाईल माझं. पालिकेचा माणूस टाकी बघायला आला तर वर चढायला शिडीच नाही. शिडी का नाही? कारण चोरीला गेली आणि नवीनसाठी तीन कोटेशन मागवायची होती. झाकण तुटलेलं, त्यावर प्लायवूडचा तुकडा आणि वर वीट. त्या पावसाळ्यात तीन मजल्यांवर मिळून पाच जणांना डेंग्यू, प्लेटलेटच्या टेस्टांचा खर्च जोडला तर स्टीलच्या पाच शिड्या आल्या असत्या. आणि ग्रुपवर मेसेज काय? "पालिका झोपली आहे का?"

पावसाच्या पाण्यातून चालत घरी आलो तर काय?

पायाला जखम असेल, किंवा बराच वेळ पाण्यात होतात, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, लेप्टो (उंदरांच्या लघवीने खराब झालेल्या पाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिन देतात, पालिकेच्या दवाखान्यात फुकट, पण स्वतःच्या मनाने घेऊ नका, गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी वेगळं असतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पडला, पाणी ओसरल्यावर लेप्टोची लाट आली, तेव्हा हे महागात शिकलो. घरी आल्यावर साबणाने पाय धुणे हे आपल्या आज्यांनी आधीच सांगून ठेवलेलं आहे.

टीबीची औषधं फुकट आहेत, मग मुंबईत टीबी का हटत नाही?

कारण टीबी फक्त जंतूचा आजार नाही, रिकाम्या पोटाचा आणि बंद खिडकीचा पण आहे.

पोटाचं आधी. झारखंडमध्ये एक अभ्यास झाला, २०२३ मध्ये छापून आला. टीबीच्या पेशंटला आणि त्याच्या घरच्यांना महिन्याला तांदूळ, डाळ असं खाण्याचं सामान आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. एवढ्याने घरातल्या बाकीच्यांना टीबी होण्याचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी कमी झालं, फुप्फुसाचा टीबी तर जवळजवळ निम्मा. डाळ-भात हो! एखादी लस एवढं करू शकली असती तर पेढे वाटले असते आपण. सरकार निक्षय पोषण योजनेत पेशंटला महिन्याला ५०० रुपये द्यायचं, नोव्हेंबर २०२४ पासून १००० केले. खात्यात वेळेवर पडले पाहिजेत हा भाग वेगळा. माझ्या ओळखीच्या एका वहिनींना औषध संपल्यावर पैसे आले.

आता खिडकी. गोवंडी-मानखुर्दला झोपड्या हलवून ज्या पुनर्वसनाच्या इमारती उभ्या केल्या, लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड, तिथे दोन इमारतींमधून हात लांब केला तर समोरच्याच्या खिडकीला लागेल. खालच्या मजल्यांवर दिवसा लाइट लावावी लागते. संशोधकांनी तिथे मोजून बघितलं तर जिथे ऊन आणि वारा कमी तिथे टीबी जास्त. मी त्या जिन्यांतून फिरलेय, दुपारी बाराला मोबाइलची टॉर्च लावून. तिथे इमारतीचा नकाशा पास करणारा इंजिनिअर हाच मुख्य आरोग्य अधिकारी आहे, फक्त त्याला कोणी सांगितलेलं नाही. दोन इमारतींत चार फूट जास्त अंतर ठेवायला कागदावर काहीच खर्च नाही, नंतर मात्र एकेका औषध न जुमानणाऱ्या टीबीच्या पेशंटवर लाखो रुपये जातात.

१८९८ ला प्लेगमुळे जे कळलं होतं ते शंभर वर्षांत विसरलो, एवढंच.

बीपी, शुगर हे तर श्रीमंतांचे आजार ना?

एकदा धारावीत किंवा विक्रोळीच्या चाळीत बीपीचं मशीन घेऊन बसा, गैरसमज दुपारपर्यंत जाईल. बीपी दुखत नाही, म्हणून माणूस औषध घेत नाही, आणि मग पंचेचाळीसाव्या वर्षी लकवा, घरातला कमावता हात गेला. बीपीची साधी जेनेरिक गोळी रोजच्या कटिंगपेक्षा स्वस्त पडते. देशात २०१७ पासून जो बीपीचा कार्यक्रम सुरू झाला, महाराष्ट्र पण पहिल्या पाच राज्यांत होता, त्याची रीत इतकी साधी आहे की सांगायला लाज वाटते: सगळ्यांना ठरलेली तीच औषधं, एकदम महिन्याची गोळी, प्रत्येकाचं कार्ड, आला नाही तर फोन.

मिठाचं पण ऐका. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, सगळ्या जेवणात मिळून, आणि आपण पापड, लोणचं, फरसाण, वडापावच्या तळलेल्या मिरचीवरचं मीठ हे धरतच नाही. चीनमध्ये ६०० गावांत साध्या मिठाऐवजी थोडं पोटॅशियम असलेलं मीठ दिलं, पाचेक वर्षांत लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी. फक्त किडनीचा त्रास असेल तर हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

मनाच्या आजारावर पण काही स्वस्त असतं का? सायकियाट्रिस्ट एका वेळेचे दोन हजार घेतो.

असतं. गोव्यात संगथ संस्थेने आणि डॉ. विक्रम पटेलांनी दाखवलं की गावातला साधा माणूस, मानसशास्त्राची डिग्री नसलेला, नीट शिकवला तर सहा-आठ बैठकांत डिप्रेशनच्या पेशंटला खूप फरक पडतो. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं. आपल्याकडे शेजारच्या मावशी चाळीत हेच काम करायच्या, फक्त गुपित राखायच्या नाहीत.

फोन करायचा असेल तर टेली मानस, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. हा नंबर सेव्ह करा, स्वतःसाठी नाही तर दुसऱ्या कोणासाठी तरी.

लोकांना अक्कलच नाही, रुळ ओलांडतात, थुंकतात. त्यांना शिकवून काय उपयोग?

नुसतं शिकवून खरंच उपयोग नसतो, इथे तुमचं बरोबर आहे, पण कारण वेगळं आहे. वडाळ्याला २००९-१० मध्ये एक गंमत केली होती. रेल्वेने आधी बोर्ड, दंड सगळं करून झालं होतं. मग एका सल्लागार कंपनीने रुळाखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले, त्यामुळे गाडी किती वेगात येतेय ते नजरेला कळतं, एकच लांब भोंगा देण्याऐवजी दोन छोटे द्यायला सांगितले, आणि गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याचे मोठ्ठे फोटो लावले. तिथले मृत्यू निम्म्याहून कमी झाले. रंगाचा डबा केवढ्याचा? पण मला विचाराल तर त्यापुढचा उपाय पादचारी पूल योग्य जागी बांधणे हाच, कारण सकाळी नऊ एकोणीसची पकडायची असते तेव्हा माणूस अर्धा किलोमीटर वळसा घालत नाही, मी पण घालत नाही, खरं सांगते.

फुकट दिलं की किंमत राहत नाही, थोडे तरी पैसे घ्यावेत, नाही का?

ऐकायला पटतं, पण तपासून बघितलं तर उलटं निघालं. केनियात गरोदर बायकांना औषधी मच्छरदाण्या काहींना फुकट, काहींना थोड्या पैशात दिल्या. थोडे पैसे लावताच घेणाऱ्यांची संख्या धाडकन पडली, आणि ज्यांनी फुकट घेतली त्यांनी वापरली मात्र पैसे देणाऱ्यांइतकीच.

याहून भारी उदयपूरचं. खेड्यांत लहान मुलांचं लसीकरण पूर्ण होण्याचं प्रमाण ६ टक्के. ठरलेल्या दिवशी न चुकता लसीची शिबिरं घेतली तर १८ झालं. शिबिराला आलेल्या आईला दर वेळी एक किलो डाळ दिली तर ३९. आणि गंमत म्हणजे डाळीचे पैसे धरूनही एका मुलामागचा खर्च कमीच झाला, कारण नर्स तेवढीच, शिबिर तेवढंच, मुलं दुप्पट. आईला लस नको असते असं नाही, तिचा दिवसाचा रोज बुडतो, डाळ म्हणजे त्या रोजाचा मान राखणं.

स्वस्त म्हणून केलं आणि वाया गेलं असं काही?

भरपूर. नगरसेवकाच्या वाढदिवसाचं एक दिवसाचं महाआरोग्य शिबिर, शंभर लोकांची शुगर तपासली, वीस जणांची जास्त निघाली, त्यांना कागद दिला, पुढे काय? कोणी विचारलं नाही. दुसरं, ते फुल बॉडी चेकअपचं पॅकेज, सत्तर-ऐंशी टेस्टा ऑफरमध्ये. काहीच त्रास नसलेल्या लोकांच्या अशा सरसकट तपासण्यांवरचे अभ्यास एकत्र करून बघितले तर मृत्यू कमी होताना दिसत नाहीत. बीपी, शुगर, बायकांची ठरावीक कॅन्सर तपासणी एवढं वेळेवर करा, बाकीच्या पैशात भाजी आणा.

सरकार खर्च तरी किती करतं?

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात ठरलं होतं की २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्के सरकारी खर्च आरोग्यावर. २०२१-२२ च्या हिशोबात तो १.८४ टक्के होता, आणि तेव्हा कोविड चालू होता. देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी खिशातून घातले. म्हणून तर मंगळसूत्र गहाण टाकून ऑपरेशन होतात. तरी मुंबई नशीबवान, इथे पालिकेची एवढी मोठी हॉस्पिटलं आहेत, आणि २०२२ पासून "आपला दवाखाना" नावाचे पालिकेचे छोटे दवाखाने आहेत, बरेचसे रात्री दहापर्यंत उघडे, कामावरून आल्यावर जाता येतं. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय तो वेळेचा आहे, दवाखाना सकाळी नऊ ते चार असेल तर तो फक्त रिटायर लोकांसाठी असतो.

बरं, आमच्या सोसायटीने काय करावं ते सांगा, भाषण पुरे.

टाकीचं झाकण आणि शिडी. वॉचमन, सफाईवाले, घरकामाच्या ताई यांचं महिन्यातून एकदा बीपी बघा, मशीन हजार-दोन हजारात येतं, आणि जास्त निघालं तर दवाखान्यात जायला अर्धा दिवस भरपगारी सुट्टी द्या, नुसता सल्ला नको.

आणि पालिकेच्या आरोग्य सेविकेला आत येऊ द्या. टॉवरवाल्यांचं हे जास्त आहे, वॉचमन तिला गेटवरच अडवतो, इंटरकॉम करतो, वरून कोणी उचलत नाही, ती भर उन्हात उभी. झोपडपट्टीत मला दहा घरांतून आठ ठिकाणी पाणी विचारलं, टॉवरमध्ये आयकार्ड विचारलं. आमच्या गेटवर "सेल्समनला प्रवेश नाही" असा बोर्ड आहे, त्याच्या खाली मागच्या महिन्यात मी पेंटरकडून छोट्या अक्षरात लिहून घेतलं, "पालिकेच्या ताई सोडून". सेक्रेटरींनी अजून वाचलेलं नाही.